सायॉन सिरीज ३ए: फायली पुसूनही फ्लॅश डिस्कवरची जागा मोकळी का होत नाही?

पाणथळ:

नमस्कार. गेले तीन महिने मी सायॉन कंपनीचा सिरीज ३ए हा १९९३ साली बाजारात आलेला खिशातला संगणक रोज वापरतो आहे. एका स्नेह्यांकडे तो बरीच वर्षे पडून होता, तो त्यांनी मला दिला. यंत्राची अंतर्गत मेमरी ५१२ किलोबाइट आहे आणि सोबत ५१२ किलोबाइटचीच एक फ्लॅश एसएसडी मिळाली आहे. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये ज्याला एसएसडी म्हणतात त्याच्याशी हिचे नावापुरतेच साम्य आहे. ही काडेपेटीहून थोडी मोठी, चपटी, प्लास्टिकची वडी असते आणि यंत्राच्या दोन बाजूंना असलेल्या ए आणि बी या खाचांपैकी कोणत्याही एका खाचेत ती बसते.

मी पक्षिनिरीक्षणाच्या नोंदी ठेवतो. उन्हातही वाचता येणारा पडदा, दोन पेन्सिल सेलवर कित्येक दिवस चालणे आणि झाकण उघडताच आधी जिथे थांबलो होतो तिथूनच काम सुरू होणे, या तीन गोष्टींमुळे हे यंत्र मला फोनपेक्षा सोयीचे वाटते. नोंदी मी 'डेटा' या अंगभूत प्रोग्रॅममध्ये करतो. ही फाइल अंतर्गत मेमरीत, म्हणजे एम या डिस्कवर असते, आणि रात्री झोपण्यापूर्वी मी तिची एक नक्कल फ्लॅशवर करून ठेवतो. सुरुवातीला फाइल ६ किलोबाइटची होती, आता १२ किलोबाइटची झाली आहे. फ्लॅशवर याशिवाय पक्ष्यांच्या नावांची सुमारे ९० किलोबाइटची एक संदर्भ फाइल आहे, आणि बाकी काहीही नाही.

दीड महिना हे सुरळीत चालले. परवा रात्री नक्कल करताना डिस्क भरल्याचा संदेश आला. यादी पाहिली तर दोनच फायली दिसतात, त्यांची बेरीज १०२ किलोबाइट होते, आणि तरीही मोकळी जागा ३ किलोबाइट दाखवली जाते. जुनी नक्कल पुसून पाहिली, ती यादीतून गेली, पण मोकळ्या जागेचा आकडा जागचा हलला नाही. डिस्क खराब झाली आहे, की मीच काही चुकीचे करतो आहे?

दुसरी अडचण अंतर्गत मेमरीची आहे. 'वर्ड' प्रोग्रॅममध्ये लिहिलेला माझा ११० किलोबाइटचा एक दीर्घ लेख आहे. महिन्यापूर्वी तो व्यवस्थित उघडत असे. आता उघडायला गेले की 'नो सिस्टिम मेमरी' असा संदेश येतो. एम डिस्कवर ६० किलोबाइट मोकळे आहेत, आणि मला तर नुसती आधीच असलेली फाइल वाचायची आहे, नवीन काही लिहायचे नाही. मग मेमरी कशासाठी हवी? एमवर या लेखाशिवाय नोंदींची फाइल, 'अजेंडा' या रोजनिशीच्या प्रोग्रॅमची २० किलोबाइटची फाइल आणि यंत्राच्या मायक्रोफोनवर मुद्रित केलेले पाच पक्ष्यांचे आवाज आहेत.

रॅम प्रकारची एसएसडी घेतल्यास हे दोन्ही प्रश्न सुटतील का, तेही कृपया सांगावे.

जुनी_यंत्रे:

आपली डिस्क खराब झालेली नाही. आपण वर्णन केलेली वागणूक त्या पिढीच्या फ्लॅश एसएसडीची स्वाभाविक वागणूक आहे, आणि ती समजून घेतली की या डिस्कचा वापर कसा करायचा हे आपोआप ठरते.

कोऱ्या फ्लॅश चिपमध्ये प्रत्येक बिट १ असते. माहिती लिहिणे म्हणजे त्यातील हव्या त्या बिटांचे ० करणे, आणि हे काम एकेका बाइटपुरते करता येते. उलट दिशेने मात्र, म्हणजे ० चे पुन्हा १, असे एकेका बाइटपुरते करता येत नाही. त्यासाठी त्या काळच्या चिप संपूर्णच पुसाव्या लागत. आता आपण फाइल पुसता तेव्हा यंत्रापुढे दोनच मार्ग असतात: आख्खी चिप पुसायची, किंवा त्या फाइलच्या नोंदीतील एक बिट ० करून 'ही फाइल आता धरू नये' अशी खूण करायची. दुसरा मार्ग क्षणात होतो आणि इतर फायलींना धक्का लागत नाही, म्हणून यंत्र तोच घेते. खूण झालेली फाइल यादीत दिसत नाही, पण तिचे बाइट होते तिथेच राहतात आणि तेवढी जागा अडलेली राहते. शाईने लिहिलेल्या चोपडीतील नोंद रद्द करायची असेल तर आपण तिच्यावर रेघ मारतो, आणि नवी नोंद पुढच्या कोऱ्या ओळीवरच करावी लागते. इथेही तसेच होते.

आपलेच आकडे घेऊन पाहावे. ५१२ मधून संदर्भ फाइलचे ९० वजा केले की ४२२ किलोबाइट उरतात. नोंदींची फाइल ६ पासून १२ पर्यंत वाढत गेली, म्हणजे सरासरी ९ किलोबाइट धरू. रोज रात्री त्याच नावाने नक्कल करताना जुनी नक्कल रद्द होत गेली आणि नवी तिच्या पुढे लिहिली गेली. ४२२ ला ९ ने भागले की साधारण ४६ रात्री येतात, आणि आपण दीड महिना म्हणता. डिस्कवर आत्ता आपल्या फाइलच्या चाळीसहून अधिक प्रती आहेत, त्यातील फक्त शेवटची आपल्याला दिसत होती आणि तीही आपण परवा रद्द केलीत.

जागा परत मिळवण्याचा मार्ग एकच आहे: डिस्कवरील जिवंत फायली दुसरीकडे काढून ठेवायच्या, डिस्क फॉरमॅट करायची आणि फायली परत आणायच्या. आपल्या बाबतीत फक्त ९० किलोबाइटची संदर्भ फाइल काढावी लागेल. एमवर ६० च किलोबाइट मोकळे असल्याने आधी तिथली काही फाइल हलवावी लागेल, किंवा केबलने सरळ मोठ्या संगणकावर नक्कल करावी, जे अधिक सुरक्षित आहे. नक्कल झाल्यावर ती उघडून, शेवटची नोंद वाचून पाहिल्याशिवाय फॉरमॅटची आज्ञा देऊ नये, कारण त्यानंतर त्या चिपमध्ये परत मिळवण्यासारखे काहीही उरत नाही.

विजेकडे विशेष लक्ष द्यावे. या फ्लॅश चिपना लिहिण्यासाठी आणि पुसण्यासाठी १२ व्होल्ट लागतात आणि ते दोन पेन्सिल सेलच्या ३ व्होल्टमधून यंत्राला चढवून घ्यावे लागतात. पुसण्याआधी सर्व बाइट ० करून घ्यावे लागतात आणि त्यानंतरच खरे पुसणे सुरू होते, त्यामुळे फॉरमॅटला वेळ लागतो आणि त्या सगळ्या वेळात सेलवर मोठा ताण असतो. सेल उतरलेले असतील तर यंत्र फ्लॅशवर लिहायलाच नकार देते. तसा नकार मिळाला तर सेल नवे घालावेत किंवा अ‍ॅडॉप्टर जोडावा. मी स्वतः फॉरमॅट नेहमी अ‍ॅडॉप्टरवरच करतो.

पुढची पद्धत मात्र आपण बदलावी असे मला मनापासून वाटते, कारण फॉरमॅट करून तीच सवय चालू ठेवली तर फाइल आता १२ किलोबाइटची असल्यामुळे पुढची डिस्क ३५ दिवसांतच भरेल. रोजच्या नव्या नोंदी किती असतात? दीड महिन्यात ६ किलोबाइट वाढ झाली, म्हणजे दिवसाला दीडशे बाइटही नाहीत. दीडशे बाइटच्या बदलासाठी आपण रोज आख्खी फाइल कायमची खर्च करत होता. त्याऐवजी त्या दिवसाच्या नोंदींची वेगळी छोटी फाइल, नावात तारीख घालून, फ्लॅशवर ठेवावी आणि संपूर्ण फाइलची नक्कल महिन्यातून एकदाच करावी. प्रत्येक छोट्या फाइलला नोंदीपुरती थोडी जागा जास्त लागते, ती धरून प्रत्येकीला अर्धा किलोबाइट मोजला आणि महिन्याची १२ ते १५ किलोबाइटची पूर्ण नक्कल त्यात मिळवली, तरी महिन्याचा खर्च ३० किलोबाइटच्या आसपास राहतो. म्हणजे ४२२ किलोबाइट वर्षभर पुरतात.

संदर्भ फाइल फ्लॅशवर ठेवण्याचा आपला निर्णय अगदी योग्य आहे. जे एकदाच लिहायचे आणि वारंवार वाचायचे, त्यासाठीच ही डिस्क आहे.

ओळीमागून_ओळ:

फ्लॅशबद्दल वर सविस्तर आलेच आहे, म्हणून मी अंतर्गत मेमरीबद्दल लिहितो.

आपल्या प्रश्नाचे मूळ एका समजुतीत आहे. मोठ्या संगणकावर डिस्क वेगळी आणि रॅम वेगळी असते, म्हणून फाइल नुसती उघडल्याने डिस्कवरची जागा कमी होत नाही. सिरीज ३ए मध्ये एम नावाची वेगळी डिस्क अशी नाहीच. ५१२ किलोबाइटची एकच रॅम आहे, आणि तिच्यातच एका बाजूने फायली साठतात व दुसऱ्या बाजूने चालू असलेले प्रोग्रॅम आपापला पसारा मांडतात. दोघांमधली सीमा ठरलेली नाही, गरजेप्रमाणे ती इकडे तिकडे सरकते. ६० किलोबाइट मोकळे आहेत याचा अर्थ फायलींसाठी आणि प्रोग्रॅमसाठी मिळून एकूण तेवढेच शिल्लक आहेत.

'वर्ड' दस्तऐवज उघडताना तो मेमरीत आणतो, आणि मूळ फाइल एमवर जागेवरच असते. त्यामुळे ११० किलोबाइटचा लेख उघडा असेपर्यंत रॅममध्ये दोनदा असतो, एकदा फाइल म्हणून आणि एकदा कामासाठी घेतलेली प्रत म्हणून. त्या दुसऱ्या प्रतीसाठी ६० किलोबाइट पुरत नाहीत. महिन्यापूर्वी शिल्लक अधिक होती म्हणून तो उघडत होता. लेखात काहीही बिघडलेले नाही.

शिल्लक कुठे गेली याचे उत्तर आपल्याच शेवटच्या ओळीत आहे. सिरीज ३ए आवाज सेकंदाला ८,००० नमुने घेऊन मुद्रित करतो आणि प्रत्येक नमुन्याला एक बाइट लागतो. म्हणजे एका सेकंदाला जवळपास ८ किलोबाइट होतात. यंत्राची संपूर्ण ५१२ किलोबाइट मेमरी रिकामी असती तरी तिच्यात पासष्ट सेकंदांचा आवाज मावला असता. लिखित नोंदींचे मोजमाप लावून पाहिले तर आपल्या तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी दीड सेकंदाच्या आवाजाएवढ्या आहेत. पाचही मुद्रणे मिळून किती सेकंदांची आहेत ते आपण लिहिलेले नाही, पण माझा तर्क तीस ते चाळीस सेकंदांचा आहे.

मी स्वतः पक्ष्यांच्या आवाजात रस घेतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. सेकंदाला ८,००० नमुने घेतले की ४,००० हर्ट्झपेक्षा उंच स्वर मुद्रणात येऊच शकत नाहीत. माणसाच्या बोलण्याला ते पुरते, आणि घुबड, कोकीळ, भारद्वाज यांच्यासारखे खालच्या पट्टीतले आवाज ओळखू येण्याइतके उमटतात. लहान पक्ष्यांपैकी अनेकांचे स्वर मात्र या मर्यादेच्या वर जातात, आणि मुद्रणात त्यांच्याऐवजी नुसती खरखर किंवा अर्धवट शीळ राहते. आपण पाचही मुद्रणे एकदा शांतपणे ऐकावीत आणि ज्यातून पक्षी ओळखता येतो तेवढीच मोठ्या संगणकावर नेऊन ठेवावीत. सायॉनवर मात्र एकही ठेवू नये, कारण तिथे त्यांची किंमत फार मोठी आहे.

दोन छोट्या गोष्टी आणखी. मुख्य पडद्यावर प्रोग्रॅमच्या चित्रांखाली फायलींची नावे दिसतात, त्यांतील ठळक अक्षरांतली नावे म्हणजे उघड्या असलेल्या फायली होत. या यंत्रात एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात गेले तरी पहिला चालूच राहतो, म्हणून दिवसभरात नकळत पाच-सहा फायली उघड्या राहतात आणि प्रत्येक आपापली मेमरी धरून बसते. काम संपले की सायॉन कळ आणि एक्स दाबून बाहेर पडण्याची सवय लावावी. दुसरे म्हणजे, आपण ओपीएलमध्ये, म्हणजे या यंत्राच्या अंगभूत प्रोग्रॅमिंग भाषेत, स्वतः काही प्रोग्रॅम लिहीत असाल तर त्याचा मूळ मजकूर आणि भाषांतरित रूप अशा दोन फायली तयार होतात. चालवण्यासाठी फक्त दुसरी लागते. मूळ मजकूर मोठ्या संगणकावर ठेवला तर तेवढी जागा वाचते.

पाणथळ:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी बसून सर्व केले, ते क्रमाने सांगतो.

पाच मुद्रणे मिळून ३५ सेकंदांची निघाली, म्हणजे सुमारे २७३ किलोबाइट. आपला तर्क बरोबर होता. ऐकली तेव्हा दोनच ओळखण्याजोगी होती, एक कोकिळेचे आणि एक पिंगळ्याचे. शिंजिराच्या म्हणून जपलेल्या मुद्रणात पानांची सळसळ आणि माझा श्वास याशिवाय काहीच ऐकू आले नाही, ते पुसताना वाईट वाटले. दोन मुद्रणे केबलने मोठ्या संगणकावर नेली आणि पाचही यंत्रावरून काढली. एमवरचा मोकळा आकडा ६० वरून ३३० च्या पुढे गेला, आणि तो लगेच, डोळ्यांदेखत गेला. पुसल्याबरोबर जागा मिळणे आणि न मिळणे यातला फरक दोन डिस्क शेजारी ठेवून पाहिल्यावर नीट कळला. लेख पहिल्याच प्रयत्नात उघडला.

त्यानंतर संदर्भ फाइल एमवर आणि मोठ्या संगणकावर अशी दोन ठिकाणी ठेवली, दोन्ही ठिकाणी शेवटची नोंद वाचून पाहिली, अ‍ॅडॉप्टर जोडला आणि फ्लॅश फॉरमॅट केली. संदर्भ फाइल परत आणल्यावर फ्लॅशवर ४२० किलोबाइटच्या आसपास जागा दिसते.

रोजच्या छोट्या फायलींची पद्धत पटली. तरी एक शंका राहते. रोज नक्कलच करायला नको म्हणून नोंदींची मूळ फाइलच एमवरून हलवून फ्लॅशवर ठेवली आणि तिथेच उघडून तिच्यात रोजच्या नोंदी घातल्या तर? नवी नोंद फाइलच्या शेवटी जोडली जाते, मग आख्खी फाइल पुन्हा लिहिली जाण्याचे कारण नाही, असे मला वाटते. आणि रॅम एसएसडीबद्दल कोणी काही लिहिले नाही, तेही कृपया सांगावे.

दोन_पेन्सिल_सेल:

नुसत्या नव्या नोंदी जोडत गेलात तर आपला तर्क बरोबर आहे, 'डेटा'च्या फाइलमध्ये नवी नोंद शेवटी जोडली जाते आणि तेवढीच जागा खर्च होते. अडचण जुन्या नोंदीत बदल करताना येते. समजा, काल 'धोबी' एवढेच लिहिले होते आणि आज पुस्तक पाहून 'पांढरा धोबी' असे दुरुस्त केले. तर जुनी नोंद रद्द होते आणि संपूर्ण नोंद नव्याने शेवटी लिहिली जाते. अंतर्गत मेमरीत फाइल बंद करताना मधल्या रद्द नोंदी काढून टाकून ती आवळली जाते, फ्लॅशवर तसे होऊच शकत नाही. आवळण्यासाठी फ्लॅशवरच नवी प्रत करायला गेलात तर जागा वाचण्याऐवजी आणखी खर्च होते, कारण जुनी प्रत अडकूनच राहते. निरीक्षणाच्या नोंदींत दुरुस्ती फार होते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्यामुळे मूळ फाइल एमवरच असू द्यावी.

रॅम एसएसडीबद्दल माझे मत 'जुनी_यंत्रे' यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. त्यांची छोट्या फायलींची पद्धत हिशेबाने उत्तम आहे, पण दिवसभर चालून आल्यावर रोज रात्री त्या दिवसाच्या नोंदी वेगळ्या काढणे हे काम दोन आठवड्यांनी टाळले जाते आणि मग नक्कलच राहून जाते, असा माझा अनुभव आहे. रॅम एसएसडीवर पुसलेली जागा अंतर्गत मेमरीसारखीच ताबडतोब परत मिळते, म्हणून तिच्यावर त्याच नावाने रोज संपूर्ण फाइलची नक्कल खुशाल करावी. आपल्याला त्यासाठी १२८ किलोबाइटचीही पुष्कळ होईल. दुसऱ्या खाचेत फ्लॅश ठेवावी आणि तिच्यावर महिन्याची नक्कल करावी. रॅम एसएसडी मोठी घेऊन तिच्यावर आवाज साठवण्याचा मोह मात्र टाळावा.

रॅम एसएसडीची उणीव तिच्या सेलमध्ये आहे. यंत्रात असताना तिला यंत्राकडून वीज मिळते, बाहेर काढली की तिच्या पोटातल्या छोट्या बटण सेलवर तिची सगळी माहिती अवलंबून असते. वापरलेली एसएसडी घेतलीत तर तो सेल किती वर्षांचा आहे हे कोणालाच माहीत नसते, म्हणून आल्याबरोबर, तिच्यावर काहीही ठेवण्यापूर्वी, तो बदलावा. फ्लॅशला सेल लागतच नाही, ती कपाटात पडून राहिली तरी माहिती टिकते. म्हणूनच एकीवर रोजची आणि दुसरीवर कायमची नक्कल अशी वाटणी मी सुचवतो.

यंत्राच्या स्वतःच्या सेलबद्दलही कोणी लिहिले नाही, ते राहू नये. आपली मूळ फाइल रॅममध्ये आहे, म्हणजे वीज आहे तोवरच आहे. दोन पेन्सिल सेल उतरले तर आतला राखीव बटण सेल मेमरी सांभाळतो. मुख्य सेल आणि राखीव सेल एकाच वेळी बाहेर काढले तर एमवरचे सर्व जाते. मुख्य सेल बदलण्यापूर्वी राखीव सेल चांगला असल्याची खात्री पडद्यावर करून घ्यावी, नवे पेन्सिल सेल हाताशी उघडून ठेवावेत आणि मगच जुने काढावेत.

मी सिरीज ३ए कडे वळण्यापूर्वी एचपी २००एलएक्स वापरत असे. १९९४ सालच्या त्या यंत्रात डॉस ही कार्यप्रणाली चालते, आणि रॅममधील किती भाग प्रोग्रॅमसाठी, जास्तीत जास्त ६४० किलोबाइट, आणि किती भाग सी डिस्कसाठी हे आपणच ठरवून द्यायचे असते. पुढे १९९६ मध्ये विंडोज सीई आले, त्याच्या हातसंगणकांतही साठवण आणि प्रोग्रॅम यांच्यामधली सीमा पडद्यावरचा एक सरकता खुंटा ओढून बदलता येत असे. ठरलेल्या सीमेमुळे कधी डिस्क भरलेली आणि प्रोग्रॅमची मेमरी रिकामी पडलेली, अशी गैरसोय होते. पण एक फायदा होता, फायली कितीही वाढल्या तरी प्रोग्रॅमच्या वाट्याला हात लागत नसे. सायॉनची सरकती सीमा मला अधिक आवडते, पण तिथे राखीव जागा ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

त्यासाठी मी एमवर ४० किलोबाइटची एक निरुपयोगी फाइल ठेवली आहे. तिच्यात जुनाच काही मजकूर पुन्हा पुन्हा चिकटवलेला आहे. काम करताना अचानक मेमरी संपल्याचा संदेश आला आणि चालू मजकूर जतन करायलाही जागा नसली, तर मुख्य पडद्यावर जाऊन ती फाइल पुसतो, ४० किलोबाइट लगेच मोकळे होतात, आणि हातातले काम जतन करून शांतपणे पसारा आवरता येतो. आवरून झाले की ती पुन्हा तयार करून ठेवतो. गेल्या वर्षी एका लांबलचक टिपणाच्या मध्यात हिने मला वाचवले आहे.

जुनी_यंत्रे:

रोज रात्री नोंदी वेगळ्या काढण्याचा कंटाळा येतो हे मान्य आहे, आणि दुसरी खाच रिकामीच आहे, तेव्हा रॅम एसएसडी मिळाली तर वरची वाटणी माझ्या सूचनेपेक्षा बरी. ती मिळेपर्यंत छोट्या फायली चालू ठेवाव्यात.

एक भर घालतो. दोन्ही एसएसडी नेहमी यंत्राबरोबरच फिरतात, तेव्हा यंत्र हरवले किंवा पाण्यात पडले तर तिन्ही प्रती एकदमच जातील. आठवड्यातून एकदा केबलने मोठ्या संगणकावर नक्कल करावीच. सिरीज ३ए ची केबल सेकंदाला जास्तीत जास्त १९,२०० बिट नेते, म्हणजे साधारण १,९०० बाइट. आपली १२ किलोबाइटची फाइल सात-आठ सेकंदांत जाते. संपूर्ण ५१२ किलोबाइट न्यायचे म्हटले तरी साडेचार-पाच मिनिटांच्या आसपास लागतील.

अजेंड्यातही लक्ष घालावे. मागील वर्षांच्या भेटी आणि स्मरणसूचना तिथे साठत राहतात, त्या वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवण्याची सोय त्याच प्रोग्रॅममध्ये आहे. आपल्या २० किलोबाइटमध्ये यंत्राच्या आधीच्या मालकांच्या नोंदीही असण्याची शक्यता आहे.

पाणथळ:

होत्या. अजेंड्यात स्नेह्यांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी निघाल्या, त्यांत मुलीच्या परीक्षांच्या तारखा आणि कोणाच्या तरी औषधांच्या वेळाही होत्या. पुसण्यापूर्वी त्यांना फोन करून विचारले. त्यांनी ती फाइल मागून घेतली, म्हणून ती वेगळी काढून मोठ्या संगणकामार्फत त्यांना पाठवली आणि मगच यंत्रावरून काढली. अजेंडा आता ३ किलोबाइटचा आहे.

१२८ किलोबाइटची एक वापरलेली रॅम एसएसडी मिळाली आहे, तिचा सेल बदलून ती बी खाचेत बसवली आणि आज पहिली नक्कल केली. फ्लॅशच्या पाठीवर फॉरमॅटची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. ४० किलोबाइटची राखीव फाइलही तयार केली. तिच्या नावात एक्स हे अक्षर चार वेळा घातले आहे, म्हणजे घाईतही चुकून दुसरी पुसली जाणार नाही.